प्राणवायु आणि बुद्धि

ज्या वायूला मराठींत प्राणवायु म्हणतात, त्याला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यानें दिलेल्या नांवाचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असा आहे. प्रत्येक आम्लांत हा वायु असलाच पाहिजे अशी त्याची समजूत होती. ती पुढें चुकीची ठरली. मराठी नांव मात्र अधिक खरें निघालें. हा वायु कांहीं मिनिटें मिळाला नाहीं तर मनुष्याचा प्राण जातो, आणि प्राण जाण्यापूर्वीं त्याची बुद्धि जाते. परंतु या खऱ्या नांवांतूनच एक आशा गेलीं दोनशें वर्षें पुन्हां पुन्हां उगवत आली आहे. ज्याच्या अभावीं बुद्धि जाते, त्याच्या विपुलतेनें ती वाढत कां नसावी? ज्या मुलाची बुद्धि जन्मतःच मागें राहिली आहे, त्याला हा वायु भरपूर दिला तर ती पुढें सरणार नाहीं काय? हा प्रश्न वेडगळ नाहीं. चांगल्या चांगल्या वैद्यांनीं तो विचारला, त्यासाठीं संस्था काढल्या आणि यंत्रें उभारलीं. अशा मुलांना पूर्वीं जडबुद्धि किंवा मतिमंद म्हणत. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानंतर ‘बौद्धिक दिव्यांग’ हा शब्द रूढ होत गेला. नांव बदललें, तरी आईबापांची आशा तीच आहे, आणि त्या आशेचा व्यापार करणारेही आहेत. म्हणूनच या प्रश्नाचा इतिहास सुबोध रीतीनें समजून घेणें अगत्याचें आहे.

स्वीडनमधील औषधविक्रेता शीले यानें हा वायु सर्वांच्या आधीं तयार केला होता. परंतु त्याचा ग्रंथ १७७७ सालीं बाहेर पडला. दरम्यान १ ऑगस्ट १७७४ रोजीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यानें मोठ्या भिंगानें सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचें तांबडें भस्म तापविलें, आणि त्यांतून निघालेल्या वायूंत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळतांना पाहिली. पुढें त्यानें या वायूंत उंदीर ठेवून पाहिला. तो साध्या हवेंतील उंदरापेक्षां अधिक वेळ जगला. मग त्यानें स्वतःच तो हुंगला, आणि छाती कांहीं काळ हलकी झाल्यासारखें त्याला वाटलें. रोग्यांना हा वायु उपयोगी पडेल असें त्यानें भाकीत केलें. परंतु त्याच वेळीं एक शंकाही नमूद करून ठेविली. मेणबत्ती जशी या वायूंत भराभर जळून संपते, तसें निरोगी मनुष्याचें आयुष्यही त्यांत अकालीं जळून जाईल कीं काय? उणीव असेल तेथें औषध आणि उणीव नसेल तेथें कदाचित् अपाय, हा भेद शोधाच्या पहिल्याच वर्षांत सुचला होता. पुढील दोन शतकें तो वारंवार विसरला गेला.

पहिला मोठा प्रयोग वैद्य टॉमस बेडोज यानें केला. १७९९ सालीं ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन येथें त्यानें वायूंनीं रोग बरे करण्याची संस्था उघडली. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॉट यानें तिचीं उपकरणें आंखून दिलीं, आणि पुढें जगप्रसिद्ध झालेला हम्फ्री डेव्ही हा तरुण तेथें प्रयोग करीत असे. क्षय, पक्षघात, दमा यांनीं पीडलेले लोक मोठ्या आशेनें येत. तथापि थोड्याच वर्षांत वायूंचे उपचार मागें पडले, आणि ती संस्था साधा दवाखाना बनली.

हवेचा आणि बुद्धीचा संबंध जोडणारी सर्वांत हृदयस्पर्शी कथा मात्र स्वित्झर्लंडमधील आहे. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत त्या काळीं गलगंडाचा रोग फार असे, आणि त्याच खोऱ्यांत खुजीं, पुष्कळदां बहिरीमुकीं व बुद्धीनें अगदीं मागें राहिलेलीं मुलें जन्मत. जिनीव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर यानें अठराव्या शतकांत असें नमूद केलें कीं, अशीं माणसें खोल दऱ्यांत आढळतात, उंचावरील गांवांत आढळत नाहींत. दरींतील कोंडलेली, तापलेली हवा हेंच याचें कारण असावें, असें त्यानें अनुमान काढलें. १८३६ सालीं योहान याकोब गुगेनब्यूल या तरुण डॉक्टरानें रस्त्याच्या कडेच्या क्रुसापुढें असाच एक मनुष्य अडखळत प्रार्थना म्हणत असलेला पाहिला. ज्याला कोणी कांहीं शिकविलें नाहीं असें जग समजत होतें, त्याला त्याच्या आईनें प्रार्थना शिकविली होती. एवढें जर शिकतां येतें तर अधिक कां नाहीं, या विचारानें गुगेनब्यूलनें आपलें आयुष्य या कामाला वाहिलें, आणि १८४१ च्या सुमारास इंटरलाकेनजवळ आबेंडबर्ग या डोंगरावर, हजार मीटरांहून अधिक उंचीवर, अशा मुलांसाठीं निवासस्थान उघडलें. डोंगराची स्वच्छ हवा, सूर्यप्रकाश, दूध, स्नान, व्यायाम आणि शिक्षण अशी तेथील चिकित्सा होती.

या संस्थेची कीर्ति युरोप आणि अमेरिकेंत पसरली. मोठमोठे लोक डोंगर चढून ती पाहावयास गेले, आणि परत जाऊन त्यांनीं आपापल्या देशांत तशा संस्था काढल्या. परंतु कीर्तीबरोबर अपेक्षाही वाढल्या. मुलें पूर्ण बरीं होतात असा लौकिक झाला, आणि तो खरा करून दाखविणें कोणाच्याही हातचें नव्हतें. गुगेनब्यूल देशोदेशीं हिंडूं लागला, आणि मागें मुलांकडे पाहणारें कोणी उरलें नाहीं. १८५८ सालीं गॉर्डन या ब्रिटिश राजदूतानें तेथील इंग्रज मुलांची विचारपूस करण्यासाठीं भेट दिली, तेव्हां त्याला तीं अत्यंत दुर्लक्षित स्थितींत आढळलीं. चौकशी झाली, संस्था बंद पडली, आणि १८६३ सालीं गुगेनब्यूल मरण पावला.

आज या कथेंत दोन गोष्टी विशेष जाणवतात. एक अशी कीं, जसजसें उंच जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि छातींत शिरणारा प्राणवायुही कमी होतो. म्हणजे आबेंडबर्गच्या मुलांना दरींतल्यापेक्षां तो किंचित् कमीच मिळत होता. दुसरी अशी कीं, खरी उणीव हवेंत नव्हतीच. ती मातींत आणि पाण्यांत होती. तेथील जमिनींत आयोडीन फार थोडें असल्यामुळें गरोदर मातेच्या गळ्यांतील ग्रंथीला तें मिळत नसे, आणि गर्भाचा मेंदू नीट वाढत नसे. जिनीव्हाचा वैद्य क्वांदे यानें १८२० सालींच गलगंडावर आयोडीन वापरलें होतें. १८९५ सालीं बाउमान यानें गळ्यांतील ग्रंथींत आयोडीन असतें हें दाखविलें. आणि १९२२ पासून स्वित्झर्लंडमध्यें आयोडीनयुक्त मीठ विकलें जाऊं लागलें. त्यानंतर एका पिढींतच अशा मुलांचा जन्म त्या देशांत थांबला. जें काम डोंगरावरच्या हवेला सतरा वर्षांत साधलें नाहीं, तें चिमूटभर मिठानें साधलें. कारण त्या मिठानें नेमकी उणीव भरून काढली. भारतांतही हिमालयाच्या पायथ्याशीं कांग्रा खोऱ्यांत १९५६ पासून झालेल्या अभ्यासानें हाच अनुभव आला.

याचा अर्थ प्राणवायूचा आणि बुद्धीचा संबंध नाहीं असा मात्र नव्हे. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिटल यांनीं १८६१ सालीं प्रसूतिवैद्यांच्या सभेपुढें एक निबंध वाचला. कष्टाची प्रसूति, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतांच श्वास कोंडणें यांमुळें पुष्कळ मुलांचे हातपाय आंखडतात, आणि कांहींची बुद्धिही दुखावते, असें त्यांनीं अनेक उदाहरणांनीं मांडलें. परंतु १८९७ सालीं सिग्मंड फ्रॉइड यांनीं, जे पुढें मनोविश्लेषणासाठीं प्रसिद्ध झाले, एक मार्मिक शंका काढली. मूल पोटांतच दुर्बळ झालेलें असेल, तर प्रसूतीचे कष्ट हें कारण नसून आधींच्याच दोषाचें लक्षण कशावरून नसेल? अमेरिकेंत हजारों बालकांच्या नोंदी तपासून १९८६ सालीं जे निष्कर्ष निघाले, त्यांनीं फ्रॉइडच्या शंकेला पुष्कळ बळकटी दिली. हातपाय आंखडलेल्या मुलांपैकीं थोड्यांचाच दोष जन्मवेळच्या श्वासकोंडीमुळें असतो, असें दिसून आलें. बौद्धिक दिव्यांगतेचीं कारणें तर याहूनही विविध आहेत. १८६६ सालीं लँग्डन डाउन यांनीं वर्णिलेल्या प्रकाराचें मूळ १९५९ सालीं लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधून काढलें. तें एका अधिक गुणसूत्रांत आहे. तेथें हवेचा दोष शोधणें व्यर्थ होय.

प्राणवायु कमी पडला असतां बुद्धि कशी जाते, हें एका विमानाच्या, म्हणजे वायूच्या फुग्याच्या, दुर्घटनेनें जगाला दाखविलें. १५ एप्रिल १८७५ रोजीं ‘झेनिथ’ नांवाच्या फुग्यांत बसून तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे तीन फ्रेंच गृहस्थ आकाशांत चढले. पॉल बेर या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यांनीं प्राणवायूच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. आठ हजार मीटरांच्या वर गेल्यावर त्या पिशव्या हाताशीं असूनही एकालाही त्या घेतां आल्या नाहींत. अंगाला बधिरता आली होती. परंतु मनाला भय वाटत नव्हतें, उलट एक प्रकारचा आनंदच वाटत होता, असें वांचलेल्या तिसांदिएनें पुढें लिहिलें. त्याचे दोघे सोबती मरण पावले. बुद्धि जातांना आपण जात आहों हें ती सांगत नाहीं. हा या प्रसंगाचा भयंकर धडा आहे. बेर यांचा हवेच्या दाबावरील मोठा ग्रंथ १८७८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें पहिल्या महायुद्धांत विषारी वायूनें फुप्फुसें जळालेल्या सैनिकांना जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं नळीनें प्राणवायु देण्याची पद्धति घालून दिली, आणि त्यानें कित्येकांचे प्राण वांचले. तेथें उणीव होती. म्हणून गुण आला.

मग उणीव नसेल तेथें काय होतें? याचा हिशेब १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील केटी व श्मिट या दोघांनीं मांडला. प्रौढ मनुष्याचा मेंदू वजनानें शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका; परंतु शरीर स्वस्थ असतां एकूण प्राणवायूचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. दर मिनिटास हा खर्च सुमारें ४६ घन सेंटिमीटर होतो. निरोगी मनुष्याच्या १०० घन सेंटिमीटर रक्तांत जवळजवळ २० घन सेंटिमीटर प्राणवायु असतो, आणि तो वाहून नेणारें रक्तांतील तांबडें द्रव्य साध्या हवेंतच शेंकडा ९७-९८ भरलेलें असतें. शुद्ध प्राणवायु हुंगला तर या २० मध्यें फार तर २ ची भर पडते. म्हणजे एक दशांश वाढ झाली असें वाटेल. परंतु केटी व श्मिट यांनीं असें दाखविलें कीं, शुद्ध प्राणवायु हुंगतांच मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेथील रक्तप्रवाह शेंकडा १३ नीं कमी होतो. एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें मागें घेतलें जातें. भरल्या घागरींत आणखी पाणी ओतावें, तसा हा प्रकार आहे.

आणि ओतलेलें पाणी नुसतें वाहून जातें असेंही नाहीं. कधीं कधीं तें घर बुडवितें. १९४० नंतर श्रीमंत देशांतील इस्पितळांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांना कांचेच्या पेटींत ठेवून मुक्तहस्तानें प्राणवायु देण्यांत येऊं लागला. १९४२ सालीं बोस्टनचे नेत्रवैद्य टेरी यांनीं अशा बालकांत अंधत्वाचा एक नवीन प्रकार वर्णिला. १९५१ सालीं मेलबर्नच्या डॉक्टर केट कँबेल यांनीं प्राणवायूकडे बोट दाखविलें, आणि १९५३-५४ सालीं अमेरिकेंतील अनेक इस्पितळांनीं मिळून केलेल्या परीक्षेनें तें निर्विवाद ठरलें. तोंपर्यंत जगांत सुमारें दहा हजार बालकें आंधळीं झालीं होतीं. मग भीतीनें प्राणवायु फार आंखडला गेला. त्याबरोबर डोळे वांचले, पण श्वासावांचून मरणाऱ्या बालकांची संख्या वाढली. अधिक आणि उणें या दोहोंच्या मधली अरुंद वाट शोधण्यास वैद्यांना पुढें कित्येक दशकें लागलीं. या शोधांत भारताचाही वांटा आहे. जन्मतांच न रडणाऱ्या बालकाला शुद्ध प्राणवायूच दिला पाहिजे ही समजूत दृढ असतां, १९९३ सालीं दिल्लींतील डॉक्टर रामजी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं साध्या हवेनेंही तितकेंच काम होतें असें दाखविणारा प्रयोग प्रसिद्ध केला. अशाच इतर प्रयोगांची भर पडून २०१० सालीं आंतरराष्ट्रीय नियम बदलले, आणि पूर्ण दिवसांच्या बालकाला प्रथम साधी हवाच द्यावी असें ठरलें.

आतां मूळ प्रश्न. वाढीव प्राणवायूनें बुद्धि वाढते काय? १९६९ सालीं अमेरिकेंत जेकब्स प्रभृतींनीं, वाढलेल्या दाबाच्या कोठींत प्राणवायु दिल्यानें वृद्धांची स्मृति सुधारली, असें वृत्त दिलें. देशभर आशा पसरली. परंतु इतरांनीं काळजीपूर्वक प्रयोग केले तेव्हां तो गुण आढळला नाहीं. पुढें हातपाय आंखडलेल्या मुलांना अशा कोठींत बसविण्याची लाट आली. तिची कसून परीक्षा कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत झाली, आणि तिचा निकाल २००१ सालीं प्रसिद्ध झाला. १११ मुलांचे दोन गट केले. एका गटाला पावणेदोन पट दाबानें शुद्ध प्राणवायु आणि दुसऱ्याला किंचित् वाढीव दाबानें साधी हवा, असे प्रत्येकी ४० वेळां, दर वेळीं एक तास दिले. कोणाला काय मिळतें हें मुलांना व आईबापांना ठाऊक नव्हतें. दोन महिन्यांनीं मुलें सुधारलेलीं दिसलीं. हालचालींत आणि इतर बाबींतही. परंतु दोन्ही गट सारखेच सुधारले होते! प्राणवायूच्या पक्षपात्यांनीं म्हटलें कीं, दुसऱ्या गटालाही थोडा दाब मिळालाच होता. तथापि अधिक प्राणवायूनें अधिक गुण येतो हें कांहीं सिद्ध झालें नाहीं. उलट दुसरी गोष्ट विचार करण्याजोगी ठरली. दोन महिने रोज तासभर आई किंवा बाप मुलाजवळ बसत होता, लक्ष देत होता, आशेनें पाहत होता; सुधारणा याचीच नसेल कशावरून?

इतिहास प्रामाणिकपणें सांगावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९६ सालीं इंग्लंडांतील मॉस व स्कोली यांनीं निरोगी तरुणांना थोडा वेळ प्राणवायु देऊन शब्द पाठ करावयास लावले, तेव्हां ते किंचित् अधिक शब्द स्मरूं शकले. पुढें दक्षिण कोरियांतील संशोधकांनीं असेच प्रयोग बौद्धिक दिव्यांग व्यक्तींवरही केले, आणि प्राणवायु हुंगत असतांना त्यांचें काम थोडें सुधारल्याचें नमूद केलें. हे प्रयोग खोटे म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु ते थोड्या माणसांवरचे आणि थोड्या मिनिटांचे आहेत. परीक्षेपुरती चलाखी वाढणें आणि आयुष्याची समज वाढणें, यांतलें अंतर ओळखलें पाहिजे. मुखावर पाणी मारलें असतांही झोंप जाते. त्यानें विद्या येत नाहीं. २०१३ सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें लोकांना इशारा दिला कीं, दाबाच्या कोठींतील प्राणवायु हा स्वमग्नता किंवा हातपाय आंखडण्याचा विकार यांवरचा मान्य उपचार नव्हे.

असें असूनही बौद्धिक दिव्यांग मुलाच्या बाबतींत प्राणवायूचा विचार करण्याची खरी जागा आहे, आणि ती बहुतेक वेळां दुर्लक्षित राहते. लँग्डन डाउन यांनीं वर्णिलेल्या प्रकारांतील मुलांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या हृदयांत जन्मजात दोष असतो. त्यांचा घसा अरुंद असतो, जीभ व टॉन्सिल वाट अडवितात, आणि पुष्कळांचा श्वास झोंपेंत पुन्हां पुन्हां अडतो. असें मूल रात्रभर गुदमरून दिवसा पेंगतें, चिडतें, लक्ष देत नाहीं. आणि घरचे लोक तें सारें त्याच्या बुद्धीच्या खातीं जमा करतात. म्हणून अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें अशा प्रत्येक मुलाच्या झोंपेची परीक्षा चार वर्षांच्या आंत व्हावी, असें सुचविलें आहे. घोरणें, ओठ निळसर दिसणें, अंगांत रक्त कमी असणें, वारंवार फेफरें येणें, या उणिवा शोधून काढून त्या भराव्या. त्यानें मूळची दिव्यांगता जाणार नाहीं. पण मुलाजवळ जी बुद्धि आहे ती तरी त्याला पुरी वापरतां येईल.

बाकीचें काम कोणत्याही वायूचें नव्हे. गुगेनब्यूलच्या आधीं कांहीं वर्षें पॅरिसमध्यें एद्वार सेगँ यानें अशा मुलांना शिकविण्यास प्रारंभ केला होता. त्यानें बरें करण्याचें वचन दिलें नाहीं. हात, डोळे आणि कान यांना रोज थोडथोडें वळण लावून तो शिकवीत गेला. १८४६ सालीं त्यानें आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली, आणि पुढें अमेरिकेंतही ती नेली. आबेंडबर्गची संस्था राहिली नाहीं, पण सेगँचें काम पुढें मारिया माँटेसोरी यांच्या हातीं गेलें आणि तेथून जगभरच्या बालशाळांत पोहोंचलें. वस्तुतः गुगेनब्यूललाही खरी दिशा क्रुसापुढें प्रार्थना म्हणणाऱ्या त्या मनुष्यानेंच दाखविली होती. त्याला तीं वाक्यें दरींतल्याच हवेंत, त्याच्या आईनें, एकेक शब्द पुन्हां पुन्हां म्हणून शिकविलीं होतीं.